कानबाईच्या घरचा अबोला

श्रावणातल्या त्या शनिवारी दिवेलागणीला हिंमतराव पाटलांनी तोंड बंद केलं, आणि गोठ्यातल्या गुरांपासून माजघरातल्या सुनांपर्यंत सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

हौसेनं नव्हतं केलं बरं का. कौसाबाईनं करायला लावलं होतं. तापीच्या पलीकडच्या काठावर कुणाचा बैल बसला तर हिंमतराव अलीकडून हाक मारून त्याला उठवतात, असं सगळं प्रकाशा गाव म्हणायचं. आवाजाचं एक वेळ चाललं असतं, पण जीभ. त्या जिभेनं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घात केला होता. धाकटा भाऊ नवल शहाद्याच्या कापसाच्या जिनात नोकरीला लागला, चार पैसे दिसले, म्हणून मनगटाला घड्याळ बांधून सणाला आला. हिंमतरावांनी भर पंगतीत, नवलच्या सासरची माणसं समोर बसलेली असताना विचारलं, "घड्याय बांधी लिधं, आते अक्कल कधी बांधशी?" नवल भरल्या ताटावरून उठला. शहाद्याहून निरोप आला तो असा: आणखी एक शब्द ऐकला, तर पुढच्या साली माझी कानबाई मी शहाद्याला मांडीन.

आता कानबाई वेगळी मांडायची म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. एका घराची एक कानबाई, श्रावणातल्या रविवारी बसवायची आणि सोमवारी नदीत सोडायची कुळाची देवी. ती वेगळी झाली की घर फुटलं. मग चूल फुटते, मग बांध, आणि मग भाऊ भावाच्या दारावरून मान खाली घालून जातो. आईवेगळ्या नवलला हिंमतरावांनी खांद्यावर बसवून वाढवलेलं. तो वेगळा होणार या विचारानं त्यांना आखाजीपासून धड झोप नव्हती. पण हे सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

म्हणून कौसाबाईनं देवीच्या चौरंगाची जागा सारवता सारवता नवऱ्याला तिथंच बसवलं आणि हातावर तुळशीचं पान ठेवलं.

"माय सोमवारे पानीमा जाई तवलोंग तोंड उघाडानं नही. देवीनी आन घ्या."

"आनि कोन्ही काही वाकडं कयं त?" हिंमतरावांनी विचारलं.

"पाही लेवानं."

"नवल काही वाकडं बोलना त?"

"आयकी लेवानं."

"मंग मी घरमा कसाले शे?"

"तेच समजी दोन दिनमा," कौसाबाई म्हणाली, आणि पुन्हा सारवायला लागली.

घरात तिनं सांगितलं, यंदा त्यांनी मौनाचं व्रत धरलंय. कशासाठी, ते सांगितलं नाही. धाकट्या भावाला भिऊन थोरल्यानं तोंड शिवलं हे कळलं असतं तर दोघांचीही लाज गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब.

रविवारी उजाडता उजाडता भाऊबंद गोळा व्हायला लागले. कुणी गाडीनं, कुणी पायी, कुणी नदीपलीकडून नावेनं. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. दर साली या वेळी हिंमतराव ओट्यावर उभे राहून, गाड्या कुठे सोडायच्या, पोरांनी कुठे मुतायचं नाही, कुणाची सून कामचुकार आहे, हे सगळं एका दमात ओरडून सांगत. यंदा ते नुसते उभे. पोरांनी अर्ध्या घटकेत ताडलं की म्हातारा आज चावत नाही. एक पाठीवर चढला, दुसरा पागोट्यात भोवरा लपवून गेला. गावातली दोन रिकामटेकडी माणसं तर मुद्दाम बघायला आली, आणि बराच वेळ थांबूनही काही ऐकू येईना तेव्हा हळहळत परत गेली.

सगळ्यात वडील सुंदरकाकू. हिंमतरावांच्या चुलत्याची बायको, डोळे अधू, कान त्याहून अधू. तिनं हिंमतरावांच्या हनुवटीला चाचपलं.

"हिंमत, दात पडनात का रे?"

हिंमतरावांनी मान हलवली.

"पडनातच," काकू म्हणाली. "बरं झायं. दातच लागेत तुन्हा बोलाले."

तेवढ्यात नवलची गाडी आली. पुढे नवल, मागे त्याची बायको रमिलाबाई, गाठोडी, पोरं. नवल उतरला तो छाती काढून. शहाद्यापासून रस्ताभर त्यानं उत्तरं घोकून आणली असणार, चेहऱ्यावरच दिसत होतं. दादा असं म्हणाला तर मी तसं म्हणेन.

"राम राम, दादा," तो म्हणाला, आणि सज्ज होऊन उभा राहिला.

हिंमतराव हसले. आता या माणसाला हसायची सवय नाही. ओठ फाकले, दात दिसले, डोळे मात्र होते तसेच राहिले. शिवाय प्रेम दाखवायचं कसं, बोलता तर येत नाही, म्हणून त्यांनी आतून स्वतः घोंगडी आणली, ओट्यावर झटकून अंथरली, तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं आणि हातानं 'बसा' म्हणून खूण केली. अगदी व्याह्याला करावी तशी.

नवलचा चेहरा पडला. त्यानं पाण्याला हात लावला नाही. कौसाबाईला गाठून दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दादाले काय झायं? माले पाहीसन हासना तो."

"व्रत शे त्यासनं, भाऊ. मौन धरेल शे."

"दादानं मौन धरं?" नवल म्हणाला. "वहिनी, माले खुया समजतस का? तो झोपमा बी बोलस. अबोला शे म्हना ना सरय. मन्हासंगे बोलानं नही त्याले."

कौसाबाई पुष्कळ बोलली, पण जसजशी बोलत गेली तसतसा नवलचा संशय वाढत गेला. हिंमतरावांना ओट्यावरून सगळं ऐकू येत होतं. ज्याला धरून ठेवायला तोंड बंद केलं, तोच निसटायला लागला होता, आणि ते सांगायला तोंडच नव्हतं.

मग रोटाचे गहू काढायची वेळ झाली. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे, ही रीत. ते दळून देवीचा रोट करायचा, आणि तो रोट घरच्यांनीच खायचा. लेकीजावयाला नाही, शेजाऱ्याला नाही. गहू टाकायचे थोरल्यानं आणि नावं घ्यायची त्यानंच. यंदा थोरला मुका. तेव्हा ठरलं की हिंमतरावांनी मूठ भरायची, माणसाकडे बोट करायचं, आणि नाव सुंदरकाकूनं घ्यायचं.

काकूला बोट दिसत नव्हतं. ती आपल्या मनानं पहिल्यापासून सुरू झाली, म्हणजे तिच्या सासऱ्यापासून. मेलेल्या चार पुरुषांच्या नावाचे गहू टोपलीत पडल्यावर कुणीतरी तिला थांबवलं. मग ती जिवंतांकडे वळली, पण एकाचं नाव दोनदा, पाळण्यातल्या पोराचं राहिलंच, ते रडलं तेव्हा आठवलं. असं करता करता दुपार चढली. नवलची पाळी आली. हिंमतरावांनी मुद्दाम मोठी मूठ भरली, ओंजळच म्हणा ना, आणि नवलकडे बघून बोट केलं.

काकू भिंतीला टेकून झोपली होती.

गहू टोपलीत पडले. नाव कुणी घेतलं नाही. कौसाबाई मागून "नवलभाऊ, नवलभाऊ" म्हणाली, पण तोवर दाणे खाली गेले होते आणि नवलनं ते पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," तो म्हणाला. "मन्हं नाव घेवाले जीभ जड झायी आते."

तो बाहेर निघून गेला. हिंमतरावांचे ओठ हलले. कौसाबाईनं लांबूनच डोळे वटारले, तसे पुन्हा मिटले.

जेवणं झाली, बायका जात्यापाशी बसल्या, पुरुष मिळेल त्या सावलीत लवंडले. हिंमतराव मागच्या पडवीत गव्हाणीला टेकून बसले. नवल जवळच आपल्या वाटणीचं म्हणून म्हशीचं पारडू मागच्या दाराच्या खुंटीला आणून बांधत होता. उद्या घेऊन जाणार होता ते. गाठ इतकी ढिली मारली की हिंमतरावांच्या घशात सात शब्द येऊन अडकले. नवलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि त्यांच्याकडून काहीच आलं नाही तसा कंबरेला हात लावून वाकडा वाकडा चालत निघून गेला. हिंमतरावांनी सातही शब्द गिळले. वर पाणी प्यायले.

आणि मग, का कोण जाणे, घशातलं सगळं खाली बसल्यावर त्यांना ऐकू यायला लागलं.

आधी जातं. मग जात्यावरची ओवी. मग एक वेगळाच आवाज, बारीक, नाकातल्या नाकात. त्यांनी मान वळवली. कौसाबाई पुरणाची डाळ निवडत गुणगुणत होती. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि आपली बायको गुणगुणते हे या माणसाला आज कळलं. आजवर ऐकू कसं येणार? ते कायम ओरडतच होते ना. मग एक पोर पडलं, रडलं, आणि कुणी ओरडल्याशिवायच गप्प झालं. कुणाच्या तरी सुनेनं मीठ मागितलं, दुसरीनं दिलं. विहिरीवर दोन भाऊबंद भांडले, आपापसात मिटवून विड्या ओढायला बसले. हिंमतरावांना आधी जरा राग आला. माझ्यावाचून हे चालतंच कसं? मग हसू आलं, आणि नंतर डोळ्यांत पाणी. एवढी माणसं आपल्या घरी येतात, आपलं बोलणं खाऊन परत पुढच्या साली येतात. देवी, तुझे उपकार गं माय, असं त्यांनी मनात म्हटलं. आतून सुंदरकाकूचा आवाज आला. ती चौरंगापुढं हात जोडून बसली होती.

"माय, पानी पाड. पोरेसोरे सुखी ठेव. आन् हिंमतना दात आसाच पडेल ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी कानबाई बसली. चौरंगावर नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर नवं लुगडं, वर फुलांचा मांडव. रोट आणि पुरणाच्या पोळ्या टोपलीत रचून मागच्या ओसरीत झाकून ठेवल्या. सगळं घर पुढच्या दालनात. काशाचं ताट वाजत होतं, बायका गात होत्या. हिंमतराव तेवढे मागच्या दाराजवळ बसलेले, दुपारची शांतता अजून थोडी अंगावर घेऊन.

ढिली गाठ सुटली. पारडू आत आलं. टोपलीवरचं फडकं त्यानं नाकानं बाजूला केलं आणि वरचा रोट उचलला.

हिंमतराव उठले. "हाड" म्हणणार, तर आन आठवली. त्यांनी हात केले. पारडानं दुसरा रोट घेतला. ते धावले, धोतर खुंटीत अडकलं, पागोटं उडालं, भोवरा टणकन जमिनीवर पडला. पारडू हलेना. मग ते धावत पुढच्या दालनात शिरले. केस सुटलेले, कासोटा लोंबतोय, दोन्ही हात वर, पाय आपटतायत, तोंडातून नुसता 'हंऽ हंऽ'.

ताट थांबलं. मग रमिलाबाई म्हणाली, "माय उनी. जेठसना आंगमा माय उनी."

झालं. थोरल्याच्या अंगात देवी आली म्हटल्यावर तिथून पुढं कुणाचं कोण ऐकतो. बायकांनी हिंमतरावांना धरून पाटावर बसवलं. कुणी कपाळभर कुंकू फासलं, कुणी हातात निंबाचा डहाळा दिला, कुणी डोक्यावरून लुगड्याचा पदर घातला. ताट पुन्हा वाजायला लागलं, दुप्पट जोरानं. हिंमतराव उठू बघत, तसे लोक "शांत हो माय" म्हणून खाली दाबत.

सुंदरकाकूला पुढं आणलं. "माय, काय चुकनं आम्हनं?"

हिंमतरावांनी मागच्या ओसरीकडे बोट केलं.

"सैपाकमा चुकनं," काकू म्हणाली. साऱ्या सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्या सकाळपर्यंत सख्ख्या बहिणींसारख्या होत्या त्यांच्यात तिथल्या तिथं तीन तट पडले. एकीनं सांगितलं की खीर हिनं ढवळली. दुसरी म्हणाली, मी नुसता चमचा धरला होता.

हिंमतरावांनी जोरजोरानं मान हलवली आणि दोन्ही बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरली.

"शिंगडा दावस माय," कुणीतरी घाबरून म्हणालं. "रेडा शे. यमना रेडा."

माणसं मागं सरकली. एक चुलत भाऊ, ज्याला बरेच दिवस खोकला होता, तो मटकन खालीच बसला. आणि या गोंधळात रमिलाबाईनं डोक्यावरचा पदर सावरून पाटापुढं डोकं टेकलं.

"माय, घरधनी म्हनतस पुढला साल आपली कानबाई शहादाले मांडूत. मन्हं मन नही. मन्ही देवी आठेच शे. तू सांग, मांडूत का नको?"

ताटवाल्यानं हात थांबवला. हिंमतरावांनी इतकी वर्षं या धाकट्या भावजयीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, रीतच ती. आता ती पायाशी, आणि विचारतेय तेच, ज्यासाठी ते कालपासून जीभ चावून बसले होते. त्यांनी मान हलवली. नको, नको, नको. इतकी हलवली की कुंकू सांडलं. पण अंगात आलेला माणूस मान हलवणारच, त्यात विशेष काय? कुणाला ते उत्तर वाटलंच नाही. मग भावजय एवढ्या जवळ बसलेली पाहून त्यांना भलताच संकोच झाला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला.

"लाजनी माय," बायका कौतुकानं म्हणाल्या.

नवल दारात उभा होता. तो पुढं आला, हात जोडले.

"माय, मन्हा भाऊ मन्हासंगे बोलत नही. नाव बी लेत नही. तू तरी बोल."

हिंमतरावांना वाटलं, गेली ती आन खड्ड्यात. त्यांनी पदर काढला, तोंड उघडलं. तेवढ्यात माणसांच्या मधून वाट काढत पारडू दालनात आलं. तोंडात अर्धा रोट, नाकाला पुरण. देवीसमोर येऊन ते शांतपणे चावत उभं राहिलं.

आधी पोरं हसली, मग बायका, मग खोकलेवाला चुलत भाऊ इतका हसला की त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. कौसाबाईनं कपाळाला हात लावला. तिला एका क्षणात सगळं समजलं. पण हसणं ओसरल्यावर सगळे घाबरले, कारण रोट बाहेरच्यानं खाल्ला होता. आता काय करायचं? सगळे सुंदरकाकूकडे बघायला लागले. काकूनं पारडाच्या तोंडाला हात लावून पुरण चाचपलं, थोडा विचार केला.

"रोट घरन्यानीच खावाना ना? मंग जेन्ही खाधा तो घरना. हाई पारडू आते भाऊबंद शे. भाऊबंदले विकानं नही, वाटनीमा देवानं नही."

सगळ्यांना हा निवाडा फार पटला. एकट्या नवलला नाही.

"बरं शे," तो म्हणाला. "पारडू घरनं झायं. मीच परका ऱ्हायनू. उद्या माय पानीमा गयी का मी निंघस."

त्या रात्री तो न जेवता गाडीत झोपला.

सोमवारी सकाळी वाजतगाजत देवी तापीवर गेली. नदी दुथडी भरलेली. बायकांनी फुगड्या घातल्या, कानबाई पाण्यात सोडली, रीतीप्रमाणे घरी न्यायला काठावरची वाळू तेवढी टोपलीत घेतली. व्रत संपलं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे हिंमतरावांकडे बघत उभे राहिले. नवलही बघत होता, वाळूत पाय रोवून. हिंमतरावांनी घसा खाकरला.

कौसाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. जवळ येऊन कुजबुजली, "आतेच नको. दोन दिन सांभायं, आते एक शब्दमा घालवशात. त्यानी गाडी शिव वलांडू द्या, मंग बोला."

बायकोचं दोन दिवस ऐकलं, आणखी घटकाभर. हिंमतरावांनी आलेले शब्द पुन्हा गिळले. नवलनं ते पाहिलं, आणि मान फिरवून घराकडे चालायला लागला.

घरी येऊन त्यानं गाडी जुंपायला काढली. ओट्यावर हिंमतराव, दारात कौसाबाई, अंगणभर भाऊबंद. जोडी याच गोठ्यातली, हिंमतरावांनी स्वतः चालायला शिकवलेली. ढवळ्या डाव्या अंगाचा, हरण्या उजव्या अंगाचा. नवलनं ढवळ्याला उजवीकडे उभं केलं.

हिंमतरावांनी ओट्याची कड धरली.

नवलनं तिरप्या डोळ्यानं पाहिलं. काही नाही. मग त्यानं जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेजवळची खुंटी, उलटी घातली. पुन्हा पाहिलं. काही नाही. मग त्यानं सगळी गाठोडी गाडीच्या मागच्या टोकाला रचली, इतकी की पुढची धुरा वर उचलली गेली. पोरगंसुद्धा अशी गाडी भरणार नाही. हिंमतरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली, कान लाल झाले, पण तोंड बंद. कौसाबाईला दिसत होतं ते हिंमतरावांना दिसत नव्हतं. हा चुकत नव्हता, हा मुद्दाम चुका करत होता.

नवलनं कासरा हातातून टाकून दिला आणि मधोमध अंगणात उभा राहिला. चाळिशीचा माणूस, पण रुसलेल्या पोरासारखा.

"दादा, काहीतरी म्हन ना," तो म्हणाला. "उनू तवपासून पाही ऱ्हायनू. पावनाले घोंगडी टाकस तशी माले टाकी. पावनाले हासस तसा हासना. माले घरमा पावना करी दिधं तू. दोन शिव्या बी मन्हा वाटाले नहीत का आते?"

हिंमतरावांनी कौसाबाईकडे पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती.

"बोला आते," ती म्हणाली. "कितला तरास देतस त्याले."

आणि हिंमतराव बोलले. पलीकडच्या काठावर, म्हणतात, बसलेले बैल उठले.

"आरे येडा, ढवया कधी उजवीकडे चालना का? चाळीस वरीसना झाया, बैल कोठे आन् जू कोठे तुले कयत नही. शिवळ उलटी घालस. गाडी उलार करस. नदीमा घालशी तुन्ही बायको-पोरेसले. आन् काल ती गाठ मारी, ती गाठ व्हती का पोरीसनी रिबीन? आन् रातले जेवना नही, माले दिसनं नही का? उपाशी बैल बी मी जुपत नही, तू उपाशी निंघना. आन् कंबर. कालपासून पाही ऱ्हायनू, वाकडा चालस तू. कवयपासून दुखस? वैदले दावं का? नही. जिनमा कापूसना गठ्ठा उचलस व्हशी, कोन्हाले सांगस नही, भाऊले सांगस नही. घरमा भाऊ मरेल शे का तुन्हा?"

नवल मान खाली घालून उभा होता. उन्हाळ्यात विहिरीच्या मोटेखाली पोरं उभी राहतात तसा. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. रमिलाबाईनं कुणाला न विचारता गाडीतलं पहिलं गाठोडं उतरवलं. एक पोर दुसरं उतरवायला धावलं.

"झायं का, दादा?" नवलनं विचारलं.

"नही झायं. आधी बैल सोड. मंग जेव. मंग आजून शे."

बैल सुटले. उरलेला रोट पंगतीत आला, नवलनं दोन माणसांचा खाल्ला. जेवताना हिंमतरावांनी त्याला त्याच्या बसण्यावरून, चावण्यावरून आणि एकूण शहाद्यावरून बोलून घेतलं. मग दोघे भाऊ हात धुऊन ओट्यावर येऊन बसले. हिंमतरावांनी त्याच्या कंबरेला तेल चोळायला घेतलं. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि नवलला त्याचं काही वाटलं नाही.